लांडगिणीची पाचवी

गुरुवार, ९ नोव्हेंबर १९७२

आधी कोकरं डालग्याखाली घातली. मग मेंढरांभोवतीचं जाळं सोडून गुंडाळलं, लेंड्या झाडून एका अंगाला केल्या, चूल पेटवली. मालक काठीला तेल लावत बसले होते. "त्या बांड्या मेंढीचा पाय बघ गं," म्हणाले. बघितला. खुरात बाभळीचा काटा होता, तो काढला. भाकरी थापल्या, त्यांच्या फडक्यात बांधल्या, वर एक कांदा ठेवला. ते कळप घेऊन नदीकडं गेले. मी कोकरांना पाला टाकला.

त्या सकाळी एवढंच झालं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्यांना ताप आला आणि तापातच ते गेले. तो दिवस मला नीट आठवत नाही. ही सकाळ मात्र आठवते, आणि मोठं काही आठवावं तशी आठवते.

आता मेंढरं धाकट्या दिराकडं आहेत. इथं चारा नाही म्हणून सटवाजी कळप घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरलाय. मी गावात एकटी. डोळा अजून त्याच वेळेला उघडतो. उठते, अंगण झाडते, आणि मग पुढं काही नसतं.

आज वाचनालयात गेले होते. तिथल्या बाकावरची माणसं अजून माझ्याकडं बघतात. धनगराची बाई, कुंकू नाही, आणि पेपर वाचते. वाचायला मला कोणी शिकवलं नाही. गुळाच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून शिकले. दाराशी एक कागद चिकटवला होता. अमृतरावांच्या प्राणीबागेला स्वयंसेवक पाहिजेत, स्त्री-पुरुष कोणीही चालेल, मोबदला नाही, सेवाभाव हवा.

सेवाभाव माझ्याजवळ आहे का, मला सांगता येणार नाही. सकाळ आहे.

रविवार, १२ नोव्हेंबर

बाग गावाबाहेर, वारंग्याच्या रस्त्याला आहे. अमृतरावांना जनावरांचा नाद होता. निजामाच्या वेळेपासून पाळत आले. ते वारल्यावर समिती झाली आणि समितीचे सेक्रेटरी तातेराव झाले. दुष्काळात समितीजवळ माणसं ठेवायला काही उरलं नाही, म्हणून आम्हाला बोलावलं.

जमलो ते थोडेच. तातेरावांनी प्रत्येकाच्या दंडाला निळी पट्टी बांधली. पिंजरे धुणं, पाणी आणणं, बघायला येणाऱ्यांना खडे मारू न देणं, अशी कामं सांगितली. मग भाषण केलं. निःस्वार्थ सेवेसारखं दुसरं काही नाही, असं म्हणत होते तेवढ्यात कोष्ट्याची केशरबाई मधेच उठली.

"सायेब, सुकडी कवा वाटनार?"

"बाई, सुकडीचं पीठ दुष्काळी कामावर, खडी फोडणाऱ्यांना मिळतं. ही सेवा आहे."

"मंग हितं काय मिळतं?"

"पुण्य."

"ते शिजाया किती येळ लागतो?"

सगळे हसले. तातेरावही हसले, पण उशिरा. मला वाटलं ही आता जाणार. पण पट्टी ओढून घट्ट करत ती मला म्हणाली, "राहते बाई. घरी सुनेचं तोंड बघन्यापरीस माकडाचं बरं."

दवाखान्यातली नर्स मिराबाईही आली आहे. सुट्टीच्या दिवशी येणार म्हणाली. तिची माणसं बौद्ध झाली तेव्हा ती लहान होती, मग परभणीला राहून शिकली. मला 'मावशी' म्हणते.

जनावरं बघून आले. हरणांच्या बरगड्या दिसतात. मोर आहेत, माकडं आहेत, एक अजगर आहे तो हलत नाही. शेवटच्या पिंजऱ्यात लांडगीण आहे. तिकडं मी गेले नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

आज जावं लागलं. मुंजाजी एकटेच पिंजरा धूत होते. ते बागेचे जुने राखणदार, अमृतरावांच्या वेळचे. त्यांनी माझ्याकडं, मग माझ्या अंगावरच्या घोंगडीकडं बघितलं.

"धनगराची व्हय तुमी?"

"व्हय."

"मंग दुरूनच बघा माय. हिला बिळातनं तुमच्याच लोकांनी काढली. हिची माय आत व्हती, तिला धूर दिऊन मारलं. ही आन् हिचा भाऊ, दोघं डोळे मिटलेले. अमृतरावांनी दोघांला ठेवून घेतलं. म्या चिंधी भिजवून दूध पाजलं."

मी म्हटलं, "आमची किती मेंढरं खाल्ली असतील तिच्या मायनं."

"खाल्ली असतील की. तिला काय जवारी दळता येत व्हती?"

मला राग आला, आणि रागावण्यासारखं ते काही बोलले नव्हते.

तोच तिच्या जोडीचा नर, तो दिवाळीत मेला. आता ती एकटी आहे. मुंजाजी तिला गंगी म्हणतात.

शनिवार, १८ नोव्हेंबर

आज एक गोष्ट झाली. मी गजाजवळ झाडत होते. गंगी मागच्या भिंतीशी पडलेली असते, कोणी आलं तरी उठत नाही. आज उठली. हळूहळू गजापर्यंत आली. मान खाली घालून माझ्या घोंगडीचा वास घेत राहिली आणि नाकातून बारीक आवाज काढायला लागली. घोंगडी आमच्या मालकांची आहे. मी हलले नाही. तिने घोंगडीचं टोक चाटलं.

जनावराला कळतं. जिचा जोडीदार गेला ती जिचा गेला तिला ओळखते. मी मुंजाजींना तसं म्हटलं.

ते तंबाखू मळत होते. "घोंगडीला मेंढराचा वास हाये माय," म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पर वळखलं बी असंल. कुनाला ठाव."

सोमवार, २७ नोव्हेंबर

निळ्या पट्ट्यांतले निम्मे गेले. खडीच्या कामावर गेले, त्यांचं चुकलं असं कसं म्हणू.

बागेची विहीर आटली. कयाधूच्या वाळूत झिरा खणून पाणी घ्यावं लागतं. वाटीने भरत बसावं तेव्हा घागर होते. आज झिऱ्यावर एक बाई मला ऐकवून दुसरीला म्हणाली, "आपली लेकरं तोंड धुया पानी न्हाई म्हून पारोशी हिंडून राहिली, आन् ही घागर घेऊन माकडाला आंघोळ घालाया चालली."

मी तिला निम्मी घागर दिली. तिने घेतली, आणि तोंडातल्या तोंडात मला आणखी एक ऐकवली.

तिचं बराबर आहे. हे मी कोणासाठी करते? हरणं मला ओळखत नाहीत. काल त्यातलं एक मेलं. हात लावेपर्यंत ते मेलंय हेही कळलं नाही, इतकं शांत पडलं होतं.

मांसाची तेवढी तकलीफ नाही. रोज कुणाचं तरी ढोर मरतं. मुंजाजी जाऊन घेऊन येतात. साऱ्या मुलुखात पोट भरलेली एक गंगीच.

शुक्रवार, ८ डिसेंबर

मुंजाजींनी मला बोलावून गंगीचं पोट दाखवलं. मी बघताच ओळखलं. मेंढीच्या कासेला जसा भार येतो तसा हिलाही आलाय. नर जाताना हे ठेवून गेला.

"आजवर झाली न्हाई हिला," मुंजाजी म्हणाले. "आन् आता या सालात!"

केशरबाई आली, बघितलं, कमरेवर हात ठेवले. "अगं बया, हिला दिवस कोनाला इचारून गेले? डिंकाचे लाडू कोन करनार? तातेराव?"

खूप दिवसांनी मी हसले. घरी आल्यावर ते आठवून अवघडल्यासारखं झालं.

गुरुवार, १४ डिसेंबर

तातेरावांनी सगळ्यांना जमवून सांगितलं. समितीला बाग चालवणं होत नाही. हरणं माळावर सोडतील, मोर सोडतील. माकडांना तर दार उघडायचा अवकाश. प्रश्न गंगीचा. हैदराबादच्या मोठ्या बागेला त्यांनी पत्र घातलं होतं. त्यांचं म्हणणं, म्हातारी मादी एकटी नको, पण पिल्लं झाली आणि जगली तर आईसकट घेऊन जातील. गाडी पाठवतील. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत थांबा, म्हणाले.

"आन् न्हाई जगली तर?" मुंजाजींनी विचारलं.

"जगतील."

"न्हाई जगली तर, म्हनतो मी."

तातेरावांनी चष्मा पुसला. "तिला बाहेर सोडता येत नाही, मुंजाजी. तुम्हालाही माहीत आहे. माणसाच्या हातची आहे. पहिल्याच वस्तीत जाईल."

पहिल्याच वस्तीत काय होईल ते मला सगळ्यांत चांगलं माहीत आहे. ती वस्ती आमचीच असेल.

रविवार, १७ डिसेंबर

वाचनालयात लांडग्यावर पुस्तक मागितलं. लेकरांच्या गोष्टीचं दिलं. त्यात लांडगा लबाड आहे आणि शेवटी मरतो. परत केलं. मग बायकांच्या बाळंतपणाचं एक पुस्तक आणलं. त्यात लिहिलंय, बाळंतिणीची खोली अंधारी आणि उबदार असावी, तिचं मन प्रसन्न ठेवावं, तिला एकटं वाटू देऊ नये.

घोंगडी दिली. पिंजऱ्याच्या आतल्या खोपटात मुंजाजींनी अंथरली. ती तिच्यावर गोल फिरली आणि बसली. मी आता लुगड्याचा पदर दोनदा गुंडाळून घेते. थंडी आहे, पण एवढी नाही.

सोमवार, २५ डिसेंबर

काल झाली. तीन आहेत.

मुंजाजींनी सगळ्या पिंजऱ्याला तरटं बांधली. मला म्हणाले, "आता हितं कुनी फिरकायचं न्हाई. तुमी बी न्हाई. म्या बी उजाडायच्या आधी पानी-मांस ठिवून पाठ फिरवतो. पयली येळ हाये हिची, भेदरलेली हाये. डोळे उघडूस्तोर बघायचं न्हाई."

मी तरटाच्या बाहेर उभी राहिले. आतून आवाज येत होता, कोकरं चोखताना करतात तसा. बराच वेळ उभी राहिले. ही गोष्ट सांगायला कोणी असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, २७ डिसेंबर

गावात सगळीकडं कळलं आहे. खडीवरून परतणाऱ्या बायका बागेच्या कुडाशी थांबून विचारतात, "कितीक झाली? माय दूध पाजून राहिली का?" झिऱ्यावरच्या त्या बाईनेही विचारलं. इतके दिवस या गावात कुणाचंच काही चांगलं झालं नाही, म्हणून असेल.

केशरबाई म्हणाली, "उद्या पाचवा दिस. पाचवी पुजली पायजे. सटवाई कपाळावर ल्ह्यायला येती, तिला दिवा न्हाई की पाटा न्हाई, तर ती काय ल्हीन? हैदराबाद ल्हीन का?"

सुरुवातीला ती थट्टाच करत होती. पण बाकीच्या बायकांनी ती उचलली आणि मग थट्टा राहिली नाही.

मिराबाई म्हणाली, "काहून तिला तरास देता? दवाखान्यात मी बाळंतिणीपाशी दोन मान्सं उभी राहू देत न्हाई. ही तर जनावर हाये."

"तुमी सोडलं ते समदं, तुमाला काय त्याचं," केशरबाई म्हणाली.

"सोडलं म्हूनच सांगते."

तातेराव म्हणाले, लोकांची एवढी भावना आहे तर होऊ द्या. नांदेडहून पेपरचा फोटोवाला बोलावतो. फोटो छापून आला तर कदाचित बागच वाचेल.

मी म्हटलं, मुंजाजी नको म्हणतील. तातेराव म्हणाले, मुंजाजींना उद्या मांसाचं निमित्त करून वसमतला पाठवतोय, ते रात्रीच्या मोटारीनं येतील.

मी गप्प राहिले. माझ्या मनात होतं, व्हावी.

गुरुवार, २८ डिसेंबर

दिवेलागणीला केली. पाटा कोण धुणार, पुजणार कोण, असं झालं तेव्हा मी मागं सरले. माझ्यासारखीनं अशा कामात हात घालू नये, हे मला कोणी सांगायला नको. पण केशरबाईनेच मला पुढं ओढलं. "जनावराची पाचवी. तिला सवाशीण लागती व्हय? तूच कर. तुझं पोरगं चौथ्याच दिशी गेलं. तुझी पाचवी ऱ्हायलीच की. घे हौस फेडून."

ती वाईट मनाने बोलली नाही. मी पाटा धुतला.

पिंजऱ्याच्या दाराशी पाटा मांडला. त्याच्यावर वरवंटा उभा केला, हळद-कुंकू वाहिलं, विळा ठेवला, बाजूला कोरा कागद आणि लेखणी. दिवा लावला. उदाचा धूर केला. सुकडीचेच मुटके करून नैवेद्य दाखवला, दुसरं कोणाच्या घरात होतं काय. बायका पंचवीस-तीस तरी असतील. कोणी गाणं म्हणायला लागलं, मग सगळ्यांनी धरलं. उपाशी गळे, पण सूर लागला.

फोटोवाला म्हणाला, पिल्लं दिसत नाहीत. तातेराव म्हणाले, तरट जरा वर करा. कोणीच पुढं झालं नाही, लांडग्याला भितात. ती मला ओळखते. मी केलं.

ती कोपऱ्यात घोंगडीवर होती. तिन्ही पोटाशी. उजेड पडताच तिने मान उचलून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "कोनी न्हाई गं, मीच हाये." फोटोवाल्याचा दिवा चमकला. बायका 'अगं बाई, अगं बाई' करत पुढं झुकल्या. ती उभी राहिली, एका पिल्लाला तोंडात धरलं, पिंजऱ्यात इकडून तिकडं फिरली, खाली ठेवलं, दुसरं उचललं.

"बघा, दाखवून राहिली आपल्याला," कोणीतरी म्हणालं.

मलाही तसंच वाटलं. मी हात जोडले. सटवाईला मनात म्हटलं, माय, बरं लिही. मग तरट सोडलं. दिवा तेवत ठेवून घरी आले. फार दिवसांनी पोटभर जेवले.

शुक्रवार, २९ डिसेंबर

एकही पिल्लू जिवंत ठेवलं नाही तिने.

मुंजाजी दाराशी बसले होते. पाट्याकडं बघत होते. माझ्याकडं बघितलं नाही. "काहून, माय?" एवढंच म्हणाले. दुसऱ्यांदा पुन्हा तेच, "काहून?"



सोमवार, १ जानेवारी १९७३

दोन दिवस बागेत गेले नाही. आज गेले.

केशरबाई कुडाशीच भेटली. बाकीच्या बायकांसमोर म्हणाली, "म्या म्हनतच व्हते, रांडावल्या बाईचा हात नगं. सटवाईला चालतं व्हय?" ती असं म्हणत नव्हती, उलटं म्हणत होती. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिलाही कुणावर तरी टाकायचं आहे.

मिराबाई आत भेटली. माझा हात धरून म्हणाली, "मावशी, तुमच्या हातानं काई झालं न्हाई. गर्दीनं झालं. दिव्यानं, धुरानं झालं. भेदरलं की जनावर असं करतं."

एक म्हणते माझ्या हातामुळं. एक म्हणते गर्दीमुळं. तरट वर केलं ते कोणी? दोन्हीकडून मीच येते.

माझ्या लेकराच्या वेळी तर गर्दी नव्हती. मीच होते आणि एक सुईण होती.

गंगी भिंतीकडं तोंड करून बसली आहे. मुंजाजींनी टाकलेलं मांस तसंच पडलं होतं. मी खाली बसले. म्हटलं, ये. बराच वेळ गेला. मग उठली, आली, माझ्या हातातून घेतलं. घोंगडी आता माझ्या अंगावर नाही, तरी आली. मुंजाजींनी हे बघितलं. ते त्या दिवसापासून माझ्याशी पहिल्यांदा बोलले. "तुमीच घालत जा. माझ्या हातचं खाऊन न्हाई राहिली."

मी म्हटलं, "मला म्हाईत नव्हतं वो."

"व्हतं," ते म्हणाले. "म्या सांगितलं व्हतं."

शुक्रवार, ५ जानेवारी

फोटो पेपरात आला. वाचनालयातल्या बाकावरच्या एकाने मला पेपर दिला, जागाही दिली. फोटोत बायका दिसतात, पाटा दिसतो, तातेराव दिसतात. मी पाठमोरी आहे. पिंजऱ्यात नुसता काळोख. खाली लिहिलंय, दुष्काळातही भूतदया.

पेपर घडी करून परत ठेवला.

हरणं परवा माळावर सोडली. दार उघडलं तरी बाहेर पडेनात. काठीनं हाकलावी लागली.

मंगळवार, ९ जानेवारी

हैदराबादचं उत्तर आलं. एकट्या मादीचं काही करता येत नाही. सहानुभूती कळवली आहे.

समिती बसली. आम्हा उरलेल्या पट्टीवाल्यांनाही बोलावलं. तशी मी एकटीच होते. शेवटी तातेराव म्हणाले, मटणात घालून देऊ. त्रास होणार नाही अशी वस्तू मिळते. मुंजाजींकडं बघितलं.

मुंजाजी उठले. "म्या हिला चिंधीनं दूध पाजलं सायेब. माझ्याच्यानं व्हनार न्हाई. मला काढून टाका."

"तुम्हाला काढायचं उरलंय काय आता?" तातेराव म्हणाले. रागानं नाही, थकून म्हणाले. मग म्हणाले, "ठीक आहे. बाहेरची माणसं बोलवावी लागतील. ओढ्यापलीकडं मेंढपाळांचा तळ पडलाय. ते तर पैसेही घेणार नाहीत."

ती माणसं मला माहीत आहेत. आमचीच आहेत. पिंजऱ्यात शिरतील, काठ्या घेऊन. हसतीलही. त्यांची मेंढरं गेलेली आहेत, हे हसणं त्यांना वाईट वाटणार नाही. आमचे मालक असते तर ते गेले नसते. ते म्हणायचे, लांडग्यानं नेलेल्या मेंढराचा हिशेब मागू नये, त्याचंही घर असतं. पण तळावर सगळे त्यांच्यासारखे नाहीत.

आणि गंगी आता दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाही. टाकलेलं हुंगून सोडून देते. म्हणजे दुसऱ्या कोणी मटण टाकलं तर ते तसंच राहील आणि मग काठ्याच उरतील. हे त्या बैठकीत मला माहीत होतं. मुंजाजींनाही होतं. ते खाली मान घालून बसले होते आणि ते बोलणार नाहीत, हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, "मी देते."

तातेरावांनी विचारलं, "बाई, तुम्हाला जमेल?"

मी म्हटलं, "माझ्या हातचंच खाती."

परत येताना मुंजाजी फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आले. फाट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "तिला मान खाजवलेली आवडती. कानामागं." मग वळले.

घरी येऊन बसले आहे. पोथी-पुस्तक काही उघडलं नाही. मनाला विचारून बघितलं, हे मी तिच्यासाठी करते की माझ्यासाठी. सटवाईने त्या कोऱ्या कागदावर काय लिहिलं, ते बघायला मी गेलेच नाही. पाटा कोणीतरी उचलून नेला, कागद वाऱ्याने गेला असेल. कागदावर काही नव्हतं, हे मला माहीत आहे. मला वाचता येतं.

रविवार, १४ जानेवारी

मधले दिवस लिहिलं नाही. लिहून ठेवावं म्हणून बसले आहे.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी दिवस उगवायला बागेत गेले. तातेरावांनी कचेरीच्या पायरीवर मटणाचं टोपलं ठेवलं होतं, ते घेतलं. गंगीला हाक मारली, ती आली. एकेक तुकडा हाताने दिला, दुसऱ्या हाताने कानामागं खाजवलं. सगळं खाऊन झाल्यावर ती गजाला पाठ टेकून पडली. तिचा श्वास थांबेपर्यंत मी तिथंच बसले. मग मुंजाजींना जाऊन सांगितलं.